बुवांचा आवाज बसला नव्हता

"हार्ट फेल्युअर," डॉक्टर म्हणाल्या, आणि मी आधी बुवांकडे बघितलं. माणूस तर समोर खुर्चीत बसलेला, बाटलीतलं पाणी पीत. फेल म्हणजे बंद, एवढंच मला ठाऊक. मग या बसलेल्या माणसाचं नेमकं काय बंद पडलं?

डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण शांतपणे सांगत होत्या. हृदय बंद पडलेलं नाही, थकलंय. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन बघतात, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकललं जातं ते. बुवांचं फार कमी आलं होतं. रक्त पुढे नीट जात नाही, मग पाणी मागे साचतं. फुप्फुसात साचलं की दम लागतो, पायांत साचलं की सूज येते.

"इतकी वर्षं बीपी अंगावर काढलंय यांनी. आणि काकी, आणायला उशीर केलात."

उशीर झालाच. कसा झाला ते सांगते, म्हणजे तुमच्या घरी होणार नाही.

बुवा म्हणजे माझे यजमान. कारखान्यात नोकरी केली, पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. ते डबलबारीचे भजनी बुवा. दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचं. आमच्या कोकणातल्या माणसाला जेवण नसलं तरी चालेल, बारी हवी. बुवांनी गजरात वरचा सूर लावला की समोरचा बुवासुद्धा मान डोलवायचा.

तो सूर तुटायला लागला. ओळ अर्धी गायची आणि उरलेली कोरसला द्यायची. लोकांना वाटलं, बुवांनी नवी ढब काढली. आमच्या शेजारचे बबननाना त्यांना पखवाजाची साथ करतात, त्यांनाच काय ते कळलं. "बुवा, गळो सांभाळा," ते म्हणाले.

झालं. सगळं घर गळ्याच्या मागे लागलं. हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, वाफ, खडीसाखर. दही बंद, थंड पाणी बंद. आमची चाळ टेकडीच्या उतारावर. ती चढताना बुवा मध्येच थांबून कुणाच्या तरी दारात गप्पा मारायला लागले. मला वाटलं, म्हातारपणी माणूस बोलका झाला. आडवं झालं की खोकला यायचा, तर तोही घशाचाच. गाणाऱ्या माणसाचं सगळं दुखणं गळ्यातच असणार, अशी आमची समजूत. पायांत चपला मावेनात, तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

पहिल्या वेळी औषधांनी चांगला गुण आला. पाण्याची गोळी, म्हणजे साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. बीपीची, ठोके सांभाळणारी. पाणी मोजून प्यायचं, मीठ कमी. लोणचं, पापड, सुका बांगडा घरातून हद्दपार. बुवा बिनमिठाची आमटी चाखायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, जणू मी त्यांचा सूड घेतेय. पण सूज उतरली. पुढच्या मोसमात बारी करणार, असं त्यांनी बबननानांना सांगूनही टाकलं. मीही आशेला लागले.

आणि मग सगळं पथ्य पाळत असताना सूज परत आली. त्यात भर म्हणजे छातीत धडधड, चक्कर. या वेळी अॅडमिटच करावं लागलं. रक्तात पोटॅशियम खूप कमी निघालं. हा एक क्षार असतो, तो कमी झाला की हृदयाचे ठोके चुकतात.

डॉक्टरांना कोडं पडलं. "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? अजून काही घेतात का? काढा, चूर्ण, आयुर्वेदिक?"

"नाही," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. आणि शपथेवर सांगते, खोटं बोलत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी डॉक्टरांनी गोळी हातात दिली, तेव्हा बुवांनी गालात बोट घालून एक काडी काढली आणि उशीजवळ ठेवली.

"हे काय?"

"ज्येष्ठमध," बुवा म्हणाले. "गळ्याक बरा असता."

"काल मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही औषधाचा विचारलात. ह्या झाडाचा मूळ. ह्येका औषध कोण म्हणता?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ती काडी दिवसभर त्यांच्या गालात असायची, आणि मलाही ती औषधात धरावी असं कधी वाटलं नव्हतं. ज्येष्ठमध रोज दिवसभर पोटात गेला तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी वाढतं, पोटॅशियम बाहेर जातं. एका बाजूने आम्ही गोळीने पाणी काढत होतो आणि दुसऱ्या बाजूने ती काडी ते भरत होती. धडधाकट माणसाला चिमूटभराने काही होत नसेल, पण थकलेल्या हृदयाला तो भार झाला. परत गाता यावं म्हणून जी काडी ते गालात धरून बसले, तिनेच त्यांना खाटेला खिळवलं. मला इतका राग आला की मी ती काडी खिडकीतून फेकली, आणि मग बाहेर बाकड्यावर बसून रडले.

म्हणून तुम्हाला सांगते. डॉक्टरांनी विचारलं की औषधंच तेवढी सांगू नका. तोंडात काय धरता, चहात काय घालता, कपाळाला काय चोळता, सगळं सांगा. हसले तर हसू देत.

काडी थांबली, ठोके ताळ्यावर आले. पण हृदयाने जे गमावलं ते परत आलं नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काकी, आता औषधांनी त्रास कमी ठेवू. बरे होतील असं मी सांगणार नाही."

"आणि गाणं?"

"बारी नाही. घरी गाऊ देत. दम लागला की आपोआप थांबतील. तुम्ही थांबवू नका."

मी त्यांना गप्प बसवायचं ठरवूनच आले होते. त्या डॉक्टर मुलीने मला त्यातून वाचवलं.

रोज संध्याकाळी बुवा उशांना टेकून बसायचे. अभंगाची एक ओळ घ्यायचे आणि श्वास पुरेनासा झाला की हाताने खूण करायचे. पुढची ओळ मी घ्यायची. उभ्या संसारात मी त्यांच्याबरोबर कधी गायले नव्हते. बारीला आम्ही बायका ऐकायला नाहीतर चहाला. माझा आवाज म्हणजे फुटका तांब्या. बबननाना मांडीवर ठेका धरायचे आणि मान खाली घालून हसायचे. बुवा मात्र हसले नाहीत. "सम चुकव नको गे," एवढंच म्हणायचे.

एका संध्याकाळी त्यांनी ओळ घेतलीच नाही. "तू म्हण. मी आयकतंय."

मी अख्खा अभंग म्हटला. ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी पेज भरवत असताना, ते गेले.

डॉक्टरांना मी जाऊन भेटले. त्यांच्यामुळे आम्हाला त्या संध्याकाळी मिळाल्या, हे सांगायचं होतं. मी त्यांचा हात धरून बसले.

आता संध्याकाळी मी दोन्ही ओळी म्हणते, त्यांची आणि माझी. त्यांच्या ओळीला मध्येच माझा श्वास तुटतो. मी इको करून घेतला. हृदय ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणाल्या.