पायजम्याचं इलास्टिक

नव्या रेकॉर्ड प्लेअरची किंमत ऐकली आणि अण्णांचा जुनाच काखोटीला मारून मी शहागंज गाठलं. तिथं शिलाई मशीन दुरुस्त करणारा एकजण "सगळंच करतो" असं ऐकलं होतं. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. कुठलंही मशीन समोर आलं की तो आधी त्याला कान लावायचा, एक डोळा मिटायचा आणि पेशंटची तक्रार ऐकल्यासारखा "हं, हं" म्हणायचा.

आतला रबरी पट्टा तुटला होता. "असा पट्टा आता मिळत नाय," म्हणत त्यानं पायजम्याचं इलास्टिक कापून बसवलं. रेकॉर्ड फिरली, पण गाणारी बाई पुरुषी आवाजात रेंगाळत गाऊ लागली.

"अहो, हे लई हळू चाललंय."

त्यानं पुन्हा कान लावला. "मशीन एकदम दुरुस्त हाय साहेब. बाई दमल्यात. किती वर्षं झाली, गातायतच की!"

घरी येऊन मी अण्णांना तीच रेकॉर्ड लावून ऐकवली. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

"उद्या परत नेतो त्याच्याकडं," मी चिडून म्हणालो.

"अजिबात नको," अण्णा म्हणाले. "आज पहिल्यांदा सगळे शब्द कळले. तो एखाद्या वेळी खरंच दुरुस्त करून ठेवील."