डोलोरेसचा पायगुण

ब्रॅनिगन गावात माणूस कोणत्या चर्चचा, कोणत्या पक्षाचा, हे कोणी विचारत नाही. तो कुठल्या बाकावर बसतो, हे विचारतात. बाक म्हणजे नदीकाठच्या बेसबॉल मैदानातला लाकडी बाक. माझे आजोबा एमिल होर्न्याक तिथे पहिल्या बेसच्या मागे, सातव्या ओळीत बसतात. त्यांचे वडीलही तिथेच बसायचे. पोलाद गिरणी बंद पडली, चित्रपटगृह बंद पडलं, पोस्टसुद्धा शेजारच्या गावात गेलं, पण सातवी ओळ जागची हलली नाही.

आमच्या गावचा बेसबॉल संघ म्हणजे ब्रॅनिगन हॅमर्स. हा खालच्या श्रेणीतला संघ. इथे जो पोरगा बरा खेळतो त्याला महिन्याभरात मोठ्या शहरातला संघ उचलून नेतो, आणि जो तिथे बिघडतो त्याला इथे परत पाठवतो. त्यामुळे आमच्याकडे कायम दोनच प्रकारचे खेळाडू असतात: अजून खेळता न येणारे, आणि आता खेळता न येणारे. अशा संघावर आजोबांनी जन्मभर जीव लावला. हा संघ का हरतो हे परक्या माणसाला दोन मॅचमध्ये कळतं. आजोबांचं निदान मात्र वेगळं होतं. त्यांच्या मते हॅमर्स हरायचे ते आजीमुळे.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत आजोबा तिला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेले होते. त्या दिवशी आमच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्यांना एकही धड फटका मारू दिला नव्हता. मॅचचे नऊच्या नऊ डाव असं झालं तर त्याला नो-हिटर म्हणतात, आणि ते पाहायला मिळणं हे अंगणात सोन्याचा हंडा सापडण्यासारखं. पण त्याचा एक कडक नियम आहे. नो-हिटर चालू असताना त्याचं नाव काढायचं नाही. खेळाडूंनी नाही, प्रेक्षकांनी नाही, पॉपकॉर्न विकणाऱ्यानेही नाही. जागा बदलायची नाही, टोपी काढायची नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे हवापाण्याच्या गप्पा मारत असतात.

आजी दुसऱ्या गावची, शिवाय तिच्या माहेरी पत्त्यांचा नाद, बेसबॉलचे नियम तिला ठाऊक नव्हते. आठव्या डावात ती कौतुकाने म्हणाली, "अय्या, आज त्यांना एकसुद्धा फटका मारता आला नाही की!"

पुढचाच चेंडू कुंपणापलीकडे गेला.

अख्ख्या सातव्या ओळीने माना वळवून नव्या नवरीकडे पाहिलं. ते पाहणं, आजी सांगते, तिला अजून पाठीत जाणवतं. त्या दिवसापासून ती पांढऱ्या पायाची ठरली. आजोबा तिला कधी टाकून बोलले नाहीत, माणूस प्रेमळ. फक्त रेडिओवर मॅच लागली की ते हळूच म्हणायचे, "डोलोरेस, बाहेर हवा छान आहे." मग आजी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. हवा छान असो वा नसो. माझी आई आणि डेनिस मामा त्या घरात वाढले ते हेच पाहत: बाबा आत, आई बाहेर, हॅमर्स खाली. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. इतर घरांत लोक जेवणाआधी प्रार्थना म्हणतात, आमच्याकडे आईला बाहेर बसवतात, इतकंच.

आमचे पाद्री रविवारी प्रवचनात अंधश्रद्धेवर तुटून पडायचे आणि दुपारी मैदानात तीच एक भोकाची बनियन घालून यायचे. मी स्वतः पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर आहे. भार, ताण, कंप, सगळं मोजल्याशिवाय सही करत नाही. तरी महत्त्वाच्या मॅचच्या आठवड्यात मी मोजे धुवत नाही. तेव्हा इतरांना काय बोलणार.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आईने विचारलं, तुला काय हवं? नायगाराला जायचं? मोठा हॉल घ्यायचा? आजी पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, कडा दाबत होती. पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "मला मॅच बघायचीय. मैदानात. एमिलच्या शेजारी बसून."

आजोबा त्या वेळी कॉफी पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि हो म्हणणं जिवावर आलं होतं. शेवटी डेनिस मामाने बापाची बाजू ओळखून तोडगा काढला. हंगाम संपत आलाय, हॅमर्स तळाला आहेत, पुढच्या रविवारची मॅच जिंकली काय न् हरली काय, कोणाचंच काही जात नाही. आईला त्या मॅचला न्या. म्हणजे नुकसान व्हायचंच तर ते फुकट जाणाऱ्या मॅचमध्ये होईल. आजोबांना पटलं. त्यांनी एकच अट घातली, मैदानात तिने खेळाबद्दल बोलायचं नाही. आजी म्हणाली, बरं. पन्नास वर्षं शेजारी बसायला मिळालं नव्हतं, त्यापुढे गप्प बसणं म्हणजे काहीच नाही.

त्या दिवशी आजीने केस सेट करून घेतले होते. सातव्या ओळीत बर्नी कोवालिक नावाचा न्हावी आजोबांच्या पलीकडे बसतो. त्याने तिला पाहिलं, उठून टोपी काढली, आणि मग आजोबांच्या कानात विचारलं की आज लवकर हरायचा विचार आहे का. आजीने ते ऐकलं आणि लिंबू सरबताचा मोठा ग्लास मागवला.

आमचा पिचर आर्कान्सा राज्यातला एक लुकडा मुलगा होता. मागच्या तीन मॅचमध्ये त्याला समोरच्यांनी धुऊन वाळत घातला होता. पण त्या दिवशी त्याच्या हाताला काय झालं देव जाणे. पहिला डाव गेला, तिसरा गेला, पाचवा गेला. फळ्यावर समोरच्यांच्या फटक्यांच्या रकान्यात शून्यच. सहाव्या डावात माझ्या लक्षात आलं की मैदानातला आवाज बदललाय. लोक एकदम उकाड्याबद्दल बोलायला लागले होते. बर्नी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगत होता, आणि ती गोष्ट तीन वर्षं टाळत आलेले आजोबा डोळे फळ्यावर ठेवून ती मन लावून ऐकत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण टोपी काढायची सोय नव्हती.

आजीने शब्द पाळला. तिने सरबत संपवलं, दुसरं मागवलं, तेही संपवलं. आठव्या डावात ती माझ्या कानाशी लागली. मी आजोबांना सांगितलं की आजीला बाथरूमला जायचंय.

आजोबा पांढरेफटक पडले. "आत्ता?"

"मग काय उद्या?" आजी म्हणाली.

"थोडा वेळ बस ना."

"का?"

हा प्रश्न तिने अगदी गोड आवाजात विचारला. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि देता कोणालाच येत नव्हतं. का उठायचं नाही, तर नो-हिटर चालू आहे म्हणून. आणि नो-हिटर चालू आहे म्हणून त्याचं नाव काढायचं नाही.

"असंच," आजोबा म्हणाले. "गर्दी असेल आता."

"सगळे तर इथे बसलेत. गर्दी कोणाची?"

बर्नीने मध्ये पडून सांगितलं की ओळीतून बाहेर पडायला त्रास होईल, त्याचा गुडघा अजून नीट वाकत नाही. आजीने विचारलं, आत्ताच तर म्हणत होतास ना, ऑपरेशन छान झालं? मागून एका बाईने आपल्या नातवाची पॉपकॉर्नची रिकामी बादली पुढे केली आणि स्वतःच लाजून मागे घेतली.

आजी मजा घेत होती हे मला तेव्हा कळलं. आठवा डाव संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर, प्रत्येक चेंडूला आजोबांकडे बघत. मग नववा डाव सुरू झाला, समोरचा पहिला गडी बाद झाला, आणि ती उठली. "एमिल, गुडघे," एवढंच म्हणाली. आजोबांनी गुडघे बाजूला घेतले. पूर्ण ओळ तिला वाट देताना अंत्ययात्रेसारखी गंभीर होती.

ती आत असताना दुसरा बाद झाला. मग तिसरा, आणि तिसऱ्याबरोबर डावही संपला, मॅचही. मैदान असं ओरडलं की पुलावरून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज दबला. ब्रॅनिगनला नो-हिटर मिळाला होता. तळाच्या संघाला, फुकट जाणाऱ्या मॅचमध्ये.

आजी हात पुसत परत आली तर सातवी ओळ तिच्या अंगावर कोसळली. बर्नी ठणठणीत गुडघ्याने उडी मारून पुढे आला. "काकू, तुम्ही उठलात म्हणून झालं." आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी तिला मिठी मारली आणि म्हणाले, "डोलोरेस, बरं केलंस गेलीस ते."

आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आजोबांनी पाहिला, आणि आजीने भिंतीपलीकडून ऐकला.

परतीच्या वाटेवर आजोबांना भरतं आलं होतं. त्यांनी गाडीतच योजना मांडली. पुढच्या वर्षी आजीने प्रत्येक मॅचला यायचं. तिच्यासाठी हंगामाचा पास काढू. आठव्या डावापर्यंत तिने शेजारी बसायचं आणि मग उठून बाथरूमपाशी उभं राहायचं. तिथे सावली असते. डेनिस मामाने त्यात सुधारणा सुचवली, एक घडीची खुर्ची नेऊ. आजी खिडकीतून नदी पाहत होती.

पुढच्या रविवारी सगळे जेवायला जमलो होतो. हंगामातली शेवटची मॅच रेडिओवर लागायची होती. सवयीने आजोबा म्हणाले, "डोलोरेस, बाहेर हवा छान आहे."

आजीने बटाट्याचं भांडं खाली ठेवलं. तिने विचारलं, बसमधून खडखड येत असली तर तू काय करायचास? आजोबांनी शहराच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात नोकरी काढली होती, असा प्रश्न आला की त्यांची कळी खुलते. ते सांगू लागले, संशय असेल तो भाग काढायचा, गाडी चालवून बघायची.

"आणि भाग काढला तरी खडखड तशीच राहिली तर?"

"तर तो भाग चांगला होता," आजोबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

"पन्नास वर्षं मी बाहेर आहे, एमिल. आत तू आहेस. खडखड थांबली का?"

आजोबांनी दुबळ्या आवाजात गेल्या रविवारचा दाखला दिला, ती उठली आणि शेवटचे दोघे बाद झाले. आजी म्हणाली, आधीचे आठ डाव मी तुझ्या शेजारी होते, ते कोणाच्या पायगुणाने झाले? मग पदार्थ पुढे करावा तशा सुरात तिने सांगितलं, "तू आज जरा पायऱ्यांवर बस. बघू या काय होतं ते."

खरं तर इथे आम्ही मुलांनी, नातवंडांनी म्हणायला हवं होतं की जाऊ दे, हे सगळं खूळ आहे, दोघंही आत बसा. पण आम्ही त्याच घरातले. आम्ही सगळ्यांनी माना वळवून आजोबांकडे संशयाने पाहिलं. डेनिस मामाने तर उठून मागचं दार उघडून धरलं.

आजोबा पायऱ्यांवर जाऊन बसले. तिथून रेडिओचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आजी त्यांच्या आरामखुर्चीत बसली. तिला त्यात नीट टेकता येत नव्हतं, पन्नास वर्षांत खुर्चीला आजोबांचा आकार आला होता. चौथ्या डावापर्यंत बरोबरी चालली होती. मग जाळीच्या दारापाशी सावली आली.

"डोलोरेस, आत येऊ?"

"आत्ता नको, बाबा," डेनिस मामा घाईने म्हणाला, "आपले दोघं बेसवर आहेत, धाव यायच्या बेतात आहे."

आजीने त्याला गप्प केलं. "ये," ती म्हणाली. "पण एक ठरलं. हरले तर दोघांनी मिळून हरवलं. निम्मं तुझं, निम्मं माझं."

आजोबांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि तिच्या आरामखुर्चीला खेटून मांडली. मॅच हॅमर्स एकतर्फी हरले. शेवटचा गडी बाद झाल्यावर आजोबांनी सवयीने मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग शेजारी पाहिलं. आणि ते म्हणाले की शॉर्टस्टॉपला उभा राहणारा तो पोरगा काही कामाचा नाही, त्याला चेंडू पकडता येत नाही.

आजी म्हणाली, "पिचरही गचाळ आहे."

होर्न्याकांच्या घरात हॅमर्सच्या पराभवाचा दोष हॅमर्सना मिळण्याची ती पहिलीच वेळ.