सावेकाकांची वॉरंटी कार्डं

सावेकाकांनी पत्रक माझ्यापुढे सरकवलं. आमच्याच कंपनीचं, पोस्टाने त्यांच्या घरी आलेलं. ‘आता दुकानात जायची गरज नाही. इंजिन थेट आमच्याकडून घ्या, स्वस्तात.’

“साहेब, माझ्या घरचा पत्ता यांना मिळाला कुठून?”

२०१७ सालची गोष्ट. मी मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपनीत सेल्सला होतो. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या गाडीची मापात केलेली छोटी नक्कल, रुळांतून वीज घेऊन धावणारी. वसईपासून तलासरीपर्यंत माझा एरिया. त्यात असं दुकान एकच, डहाणूतलं सावेकाकांचं.

काका नवं इंजिन तसंच विकत नसत. दुकानातल्या टेबलावर रूळ मांडलेले होते, त्यावर आधी अर्धा तास पळवायचे. याला रनिंग-इन म्हणतात, मोटार मोकळी होते. गिऱ्हाईक तोवर बाकड्यावर बसून चहा प्यायचं. बोर्डीचे वाडीवाले, झरीचे एक मास्तर, उंबरगावचे शेठ. तेवढ्या वेळात काका वॉरंटी कार्ड भरायचे. नाव, पत्ता, मोबाइल, कुठली गाडी आवडते, सगळं. बाकीच्या एरियांतले डीलर कार्डं कोरीच ठेवत. काकांमागे मीच लागलो होतो, “भरा काका, गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेल.” स्वतःसाठी ठेवलेल्या इंजिनाचंही कार्ड त्यांनी भरून दिलं होतं.

ते आता त्यांनाच आठवलं.

“म्हणजे कार्डांवरून,” काका हळूच म्हणाले. “माझं गिऱ्हाईक मीच लिहून दिलं की तुम्हाला.”

मी पत्रकाची घडी घालत राहिलो.

“येतात, इथे गाडी पळताना बघतात, आणि मोबाइलवरून तुमच्याकडे मागवतात. मास्तर बिचारे लाजले. मीच म्हटलं, घ्या हो, स्वस्त मिळतंय तर.”

त्यांची मागणी एकच होती. डहाणू-तलासरीच्या ऑर्डरी कंपनीने त्यांच्या दुकानात पाठवाव्यात. ते रनिंग-इन करून घरपोच देतील, थोडं मार्जिन, म्हणजे डीलरचा वाटा, मिळावा. तेवढ्यावर दुकान तगलं असतं.

मी बॉसला सांगितलं.

“अरे, डीलरला मधून काढायलाच तर हे केलंय,” बॉस म्हणाला. “परत त्यालाच कशाला घालतोस?”

“सर, कार्डं त्यांनी भरलीत.”

“छापली कोणी?”

दिवाळीनंतर काकांनी दुकान बंद केलं. डेमोचा माल परत न्यायला मी गेलो, तेव्हा ते टेबलावरचे रूळ उचकटत होते. फार वाईट वाटलं. त्यांनी सगळे खोके नीट बांधून दिले. मग म्हणाले,

“एक विचारू? कार्डं कशासाठी मागतात, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?”

“नाही काका.”

“वाटलंच मला. तुम्ही असं करणार नाही.” आणि शेजारून चहा मागवला.

ठाऊक होतं. पत्रक निघायच्या वर्षभर आधीच मीटिंगमध्ये सगळा प्लॅन सांगितला होता. डहाणूची कार्डं सगळ्यात चांगली म्हणून माझ्यासाठी टाळ्याही वाजल्या होत्या. त्यानंतरही मी कार्डं मागतच राहिलो.

खरं सांगायला मी पुढे दोनदा डहाणूला उतरलो. दोन्ही वेळा स्टेशनवरूनच मागे फिरलो. धडा एवढाच, खोटं बोलायचंच तर संशय घेणाऱ्याशी बोलावं. विश्वास ठेवणारा चहा पाजून मोकळा होतो, आपण होत नाही.