उलट्या कानशीचा चाप

नव्वदच्या दशकात नाशिकला माझं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. एके दिवशी दुपारी एक फौजदार ठासणीची जुनी बंदूक घेऊन आले. पेठकडच्या जंगलात बेवारस सापडलेली. नळी गंजलेली, दस्ता फुटलेला. चाप मात्र शाबूत.

"शंभर वर्षांची असेल," ते म्हणाले. "कुणी बनवली, हे आता कोण सांगणार?"

मला ते लागलं. मी चाप काढून भिंगाखाली धरला. विलायती चाप गुळगुळीत असतो. हा हाताने घडवलेला होता, आणि कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला झुकलेले होते. म्हणजे कारागीर डावखुरा. असा डावखुरा मला एकच माहीत होता: पेठजवळचे लोहारबाबा. त्यांच्याकडे मी चार वर्षं काम शिकलो होतो.

"बंदूक जुनी आहे साहेब, पण चाप नंतर बसवलाय," मी ऐटीत म्हणालो आणि बाबांचं नाव, गाव सांगून टाकलं. फौजदारांनी लिहून घेतलं, तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. 'सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

ऐन आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, बाबांना आठ दिवस चौकशीला हेलपाटे घालावे लागले. चाप त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी बंदुकीचा परवाना असलेल्या एकाला बसवून दिला होता. तो माणूसही आता हयात नव्हता. शेवटी सोडलं त्यांना. पण गावात कुजबुज झाली आणि त्यांनी भट्टी पेटवायचं बंद केलं.

दोन महिन्यांनी मी माफी मागायला गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मग विचारलं, "कशावरून वळखलास रं?"

"ओरखडे उलटे होते, बाबा."

ते चक्क हसले. "लय बारीक नजर हाय तुझी. मीच शिकवलं ना!"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा पिऊन, पाया पडून, माफी न मागताच निघालो.

पुढे दोन वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी मातीला गेलो नाही. त्यांच्या मुलांसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही.