नीलांबरीची चाल

अमेरिकेतल्या एडिसनच्या मराठी मंडळात नीलांबरीला सगळे ‘आपली संगीतकार’ म्हणत. हे बिरुद तिला २००३च्या गणेशोत्सवात मिळालं. ऑफिसला ड्राइव्ह करताना ती जुन्या इंग्रजी गाण्यांचं रेडिओ स्टेशन लावायची. त्यावर साठच्या दशकातल्या तीन मुलींचं एक गाणं हमखास लागे. एक गायची, दोघी मागून तिला प्रश्न विचारायच्या. त्या चालीवर तिनं सासरी निघालेली मुलगी आणि तिच्या मैत्रिणी यांचं गाणं रचलं. त्याला दोनदा वन्स मोअर मिळाला. कुणीतरी विचारलं, चाल कुणाची? “अशीच सुचली,” ती बोलून गेली. ते इतकं सहज तोंडून निघालं, की मागे घ्यायचं राहूनच गेलं.

पुढे ते गाणं बऱ्याच मंडळांत पोचलं. फ्रिस्कोच्या मंडळातल्या बायकांनी त्यात व्हिसाची कडवी घातली. ते ऐकून नीलांबरी वरवर हसली, आतून सुखावली.

दोन वर्षांनी मराठी मंडळांच्या एका अधिवेशनात ती हॉलमध्ये शिरली, तेव्हा अ‍ॅशबर्नच्या मंडळातल्या बायका तीच चाल गात होत्या. शब्द निराळे. त्या स्टेजवरून उतरताच नीलांबरीनं त्यांच्या शुभाकाकूंना चारचौघींत गाठलं.

“चाल माझी आहे, काकू. निदान नाव तरी घ्यायचं.”

साठीच्या शुभाकाकू गोंधळल्या. “अगं, चाल त्या तीन अमेरिकन मुलींची ना? सुरुवातीलाच मी स्टेजवरून सांगितलं. तू तेव्हा आली नव्हतीस वाटतं.” मग नीलांबरीचा उतरलेला चेहरा बघून त्यांनीच विषय बदलला, चहा घेतलास का म्हणून विचारलं. त्या चांगुलपणानं तिला मान वर करवेना.

पुढच्या तालमीला तिनं सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. मग पहिल्यापासून तिच्याबरोबर गाणारी रेणू हळूच म्हणाली, “माहीत आहे गं. माझ्या लेकीनं पहिल्याच वर्षी चाल ओळखली होती. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललो नाही.”

बाकीच्या बायका हातातले गाण्याचे कागद चाळत राहिल्या. म्हणजे दोन वर्षं या सगळ्या जाणून होत्या, आणि तरी तिला संगीतकार म्हणत होत्या.

त्या गणपतीत कार्यक्रमपत्रिकेवर त्या तीन अमेरिकन मुलींचं नाव छापलं. नीलांबरीनं घसा बसल्याचं कारण सांगितलं आणि ती प्रेक्षकांत मागच्या रांगेत जाऊन बसली. निवेदकानं ते नाव वाचलं, तेव्हा एकानंही वळून तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे तिला सांभाळून घेत होते, आणि तेच तिला सोसवेना.