राजाच्या बाजूने राहिलेले

लॉरेन्स तुस्कानो मूळचे वसईचे. शारजातल्या एका भारतीय शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. आठवीला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा धडा आला, की ते वर्गावर कर बसवायचे. प्रत्येकाच्या डब्यातलं एक बिस्किट सरांना, का ते विचारायचं नाही. दोन दिवसांत मुलं खवळायची. "आम्हाला विचारलं का?" असं कोणी ओरडलं, की सर खूश.

"तेरा वसाहतींचं हेच म्हणणं होतं!" मग ते रंगात येऊन सांगायचे. फ्रान्सशी लढून इंग्लंडची तिजोरी आटली, म्हणून वसाहतींच्या कागदपत्रांवर कर बसला, पुढे चहावर. पार्लमेंटमध्ये मात्र त्यांचा एकही माणूस नाही. बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात गेल्या, युद्ध पेटलं आणि नवा देश उभा राहिला.

त्यांचा एकुलता एक मुलगा ग्लेन याच वर्गात या धड्याने वेडा झाला. मोठेपणी नोकरीला गेला तोही बॉस्टनलाच.

यंदा जानेवारीत सरांची बायको ॲना कॅन्सरने गेली. दुखणं कळल्यापासून सात आठवड्यांत सगळं आटोपलं. सरांनी शारजाच्या रोल्ला भागातल्या घरातून ग्लेनला फोन केला.

"पप्पा, गुरुवारी माझी अमेरिकन सिटिझनशिपची ओथ आहे. चुकली तर पुन्हा तारीख कधी मिळेल, सांगता येत नाही."

"शुक्रवारी वसईत चर्चमध्ये मिस्सा आहे, ग्लेन. तुझ्या मम्मीला तिथेच नेऊन माती द्यायचीय."

ग्लेन म्हणाला, "मी व्हिडिओवर असेन."

तो होता. सरांची पुतणी करेन फोन धरून कबरीशी उभी होती. पेटी खाली उतरवताना नेटवर्क गेलं.

फेब्रुवारीत तो धडा आला. सरांनी कर लावलाच नाही, पुस्तक उघडून सरळ वाचायला लागले.

"सर, नो टॅक्स?" पहिल्या बाकावरच्या फहदने विचारलं.

"नाही."

शेवटी ईशानीने हात वर केला. "सर, पण जे किंगच्या साइडला होते, त्यांचं काय झालं?"

एकोणतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सर म्हणाले, "घरंच्या घरं फुटली. बाप राजाच्या बाजूला, मुलगा नव्या देशाच्या. हजारो लोक जहाजात बसून निघून गेले."

"मग ते परत भेटले?"

"काही भेटले."

"आणि बाकीचे?"

सर वर्गाबाहेर जाऊन कठड्याला धरून उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी ग्लेनला फोन लावला. "शपथेत काय म्हणायचं असतं रे?"

"आधीच्या राजाशी, देशाशी असलेली निष्ठा पूर्ण सोडतो, असं."

"म्हणताना काय वाटलं?"

ग्लेनला रडू फुटलं. "मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, पप्पा. मी यायला हवं होतं."

'जाऊ दे' म्हणावं, असं सरांना फार वाटलं. पण ते काही जमलं नाही. "नाश्ता केलास का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मार्चअखेर सरांची साठी झाली, नोकरी संपली, तिच्यासोबत शारजातला व्हिसाही रद्द झाला. ते एकटेच वसईला परतले. मे महिन्यात ग्लेन भारताचा व्हिसा काढून नऊ दिवस येऊन गेला. बापलेक रोज संध्याकाळी ॲनाच्या कबरीपाशी जायचे आणि मेणबत्ती लावून परत यायचे.