त्याच्या नावाचे ठिपके

तो गेला त्याच आठवड्यात त्याचं काम मी नव्या आवृत्तीच्या ब्रँचमध्ये मर्ज केलं. ठाण्यातल्या आमच्या ऑफिसात त्याची खुर्ची माझ्या शेजारची. कळव्याला राहायचा. हार्ट अटॅक, वयाची चाळिशीही नाही. तेव्हा मी सगळ्यांवर नुसती खेकसत होते.

आमच्या कामात प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल करणाऱ्याच्या नावासकट जपला जातो, सोबत त्याने लिहिलेली एक ओळ. स्क्रीनवरच्या टूलमध्ये तो एक ठिपका दिसतो, आणि ठिपके जोडत गेलेल्या रंगीत रेघा म्हणजे ब्रँच. दोन रेघा मिळतात तिथे मर्जचा ठिपका. आम्ही बाकीचे त्या ओळीत कोरडं इंग्रजी लिहितो. हा बेटा मराठीत लिहायचा. ‘आता तरी चाल रे बाबा.’ ‘कालचा माझा शहाणपणा काढून टाकला.’ साहेब करवादायचे, पण हा ऐकतोय कसला!

मग क्लायंटने नवी आवृत्तीच रद्द केली. ती ब्रँच डिलीट होणार होती. जुन्या आवृत्तीत हवं होतं फक्त याचं काम. साहेब म्हणाले, “अगं, तो मर्जचा ठिपका चेरी-पिक कर, विषय संपला.” म्हणजे तेवढा ठिपका उचलून जुन्या रेघेवर ठेवायचा. मी राइट क्लिक केलं. टूलने विचारलं, याला दोन पॅरेंट, म्हणजे मागचे दोन ठिपके आहेत, मुख्य कुठला धरू? मी पहिला निवडला आणि एका झटक्यात सगळं आलं.

बघते तर काय, सगळ्याचा मिळून एकच ठिपका आणि त्यावर नाव माझं! मर्ज मी केलेलं ना. त्याचं नाव नाही, त्याची एक ओळ नाही.

“कोड आलाय ना नीट?” साहेबांनी विचारलं.

“कोड आलाय. पण हे काम त्याचं आहे, माझं नाही,” मी जवळजवळ ओरडलेच.

तो ठिपका मी काढून टाकला आणि त्याचे मूळ ठिपके जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक करून उचलायला घेतले. असं आणलं की लिहिणाऱ्याचं नाव तसंच राहतं. पण जुनी आवृत्ती वेगळी, त्यामुळे दर थोड्या वेळाने कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन्हीकडच्या ओळी जुळेनात, त्या हाताने जुळवायच्या. साहेब म्हणाले, उगाच जीव काढतेयस. ठाकुर्लीला घरी जाऊनही डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं एकदाचं.

त्याच आठवड्यात त्याची बायको कंपनीचा लॅपटॉप परत द्यायला आली. निघताना म्हणाली, “ताई, तो शेवटी काय करत होता, बघता येईल का?”

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. ती एकेक ओळ वाचत वर सरकत गेली. मध्येच हसली. सगळ्यात वरच्या, म्हणजे शेवटच्या ओळीत त्याने लिहिलेलं, ‘घरून दोनदा फोन आला. उरलेलं नंतर.’

“तो फोन माझा,” ती म्हणाली. “जेवण गार होतंय म्हणून ओरडलेले मी त्याला.”

तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, “हे इथून कोणी काढणार नाही ना?”

“नाही वहिनी,” मी म्हटलं.